बांधावरची तीन माणसे

पूर्वी वेत्रनगरात सुरोचन नावाचा राजा गादीवर होता. त्या काळी बोधिसत्त्व एका पाथरवटाच्या घरी जन्मले होते आणि त्यांचे नाव सुयाम होते. नगराच्या वरच्या अंगाला, टेकड्यांच्या बेचक्यात, एक विस्तीर्ण तलाव होता. त्याच्या पाण्यावर नगराची भातशेती पिकत असे आणि त्याच्याच बांधाखाली नगरातील माणसे निजत असत. सुयाम वयात आल्यावर राजाने त्यांना त्या बांधाचे नायक नेमले.

त्यांच्या हाताखाली तिघे मुखिया होते. खोदकाम करणाऱ्यांचा मुखिया तिरीट. अंगाने आडदांड, बोलायला तिखट. काम समोर दिसले की त्याचे हात शिवशिवत. बांधाची राखण करणारा ओदात. हा किरकोळ, अबोल. रोज पहाटे बांधावर अनवाणी फिरे आणि प्रत्येक गोष्टीत काय बिघडेल तेच त्याला आधी दिसे. तिसरी पाटली. माती वाहणाऱ्या बायका तिच्या शब्दाबाहेर जात नसत. ती मोकळ्या स्वभावाची आणि बोलघेवडी होती, पण एखादी गोष्ट तिला न सांगता ठरली, तर तिच्या पाट्या जागच्या हलत नसत.

या तिघांचे कधीच पटले नव्हते. आधीच्या नायकाने तिघांना एकाच काठीने हाकले होते. तिरीटला "थांब" म्हटले की तो चिडून कुदळ फेकून देई. ओदातला चारचौघांत जाब विचारला की त्याची वाचा बसे. पाटलीला नुसता हुकूम दिला की ती "बरं" म्हणे आणि काम रेंगाळे. तिरीट म्हणे, ओदात भित्रा आहे. ओदात म्हणे, तिरीट आंधळा आहे. पाटली म्हणे, दोघांनाही माणसांची किंमत नाही.

सुयामांनी आल्या आल्या कोणालाच काही सांगितले नाही. उन्हाळाभर ते प्रत्येकाबरोबर कामाला राहिले आणि पाहत राहिले. मग त्यांनी आपली रीत बदलली. तिरीटला ते कामाचा शेवट दाखवत आणि मधे लुडबुड करत नसत. ओदातला जे विचारायचे ते आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवत आणि दुसऱ्या दिवशी बांधावर त्याच्याबरोबर चालता चालता उत्तर ऐकत. पाटलीला प्रत्येक कामाचे कारण आधी सांगत.

तिरीट एकदा उसळून म्हणाला, "नायक, एकाला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा, असं कसं?"

सुयाम म्हणाले, "न्याय एकच आहे, तिरीट. पण गाय, म्हैस आणि शेळी एकाच गोठ्यात असल्या, तरी तिघींच्या सडांना हात वेगवेगळा लावावा लागतो. न्यायाच्या नावाखाली एकच हात लावला, तर लाथ बसते आणि दूधही सांडतं."

तिरीट हसला, पण ओदातशी बोलला नाही.

त्याच वर्षी राजाने तलावाच्या पश्चिमेला उपवन केले. जादा पाणी वाहून जाण्यासाठी तिथे एक जुना सांडवा होता. तो मातीने बुजवून त्यावर कमळकुंडे आणि लतामंडप उभे राहिले. ओदातने सुयामांकडे, सुयामांनी राजाकडे ही गोष्ट नेली. राजा म्हणाला, "त्या सांडव्यातून पाणी गेलेलं माझ्या वडिलांनीही पाहिलं नव्हतं." बोलणे तिथेच संपले.

मग एका वर्षी पाऊस थांबेचना. टेकड्यांवरचे सगळे ओहोळ तलावात उतरले. पाणी बांधाच्या माथ्याकडे चढू लागले. राजा सैनिक घेऊन स्वतः आला आणि बांधाची उंची वाढवण्याचा त्याने हुकूम दिला. सैनिक माथ्यावर मोठमोठे दगड रचू लागले. तिरीटचे लोकही त्यात होते.

सकाळची वेळ होती. ओदात बांधाच्या पायथ्याकडून धावत वर आला. चिखलाने माखलेला, श्वास लागलेला. राजाला समोर पाहताच तो थबकला.

राजाने विचारले, "तू राखणदार ना? सांग, बांध टिकेल की नाही?"

ओदातचे ओठ हलले, पण शब्द आला नाही.

"टिकेल की फुटेल? एका शब्दात सांग!"

ओदातने मान खाली घातली. तिरीट दगड खाली ठेवून म्हणाला, "महाराज, हा पाण्याला नाही, सावलीलासुद्धा भितो. याला बघून माझ्या लोकांचे हात गळतात."

राजा संतापला. नगर भीतीने अर्धमेले झाले होते आणि तो स्वतःही रात्रभर झोपला नव्हता. तो म्हणाला, "भय पसरवणारा माणूस फुटक्या बांधापेक्षा वाईट. याला बांधा आणि चाबकाखाली घ्या." मग सुयामांकडे वळून म्हणाला, "नायक, या माणसाला बाजूला करा आणि बांध उंच करा. नगर वाचलं, तर माझ्या मंत्रिमंडळात तुमचं आसन असेल."

दोन सैनिकांनी ओदातचे दंड धरले. सुयाम पुढे झाले.

"महाराज, मला आसन नको. मला या माणसाशी बोलायला थोडा वेळ द्या."

"वेळ? पाण्याकडे पाहा!"

"म्हणूनच मागतो, महाराज. आज सकाळी बांधाच्या पायथ्याशी कोण कोण जाऊन आलं आहे? मी नाही. आपण नाही. तिरीट नाही. हा एकटाच. याने जे पाहिलं ते याच्या पोटात आहे, आणि चाबकाने ते बाहेर येणार नाही."

राजाने हाताने सैनिकांना थांबवले. सुयामांनी सैनिकांच्या हातून ओदातला सोडवले आणि त्याला चार पावले दूर, एका खडकाच्या आडोशाला नेऊन बसवले. ते असे बसले की ओदातला राजा दिसू नये. बांध टिकेल का, असे त्यांनी विचारले नाही. त्यांनी विचारले, "आज पहिल्यांदा पाय कुठे टेकवलास?"

ओदातने श्वास घेतला. "चिंचेपाशी, नायक. खाली."

"मग?"

"तिथं पाझर आहे. नेहमीच असतो. नेहमी नितळ असतो. नितळ पाणी आलं तर बांध घाम गाळतोय एवढंच." तो थांबला. सुयामही थांबले. "आज गढूळ आहे. बांधाचं मांस चाललंय, नायक. आतून पोकळ होतोय तो. आणि वर हे दगड रचतायत. भार वाढला की खालून पाय सुटेल."

"काय करावं?"

"पाझर बुजवायचा नाही. तो दुसरीकडून फुटेल. त्यावर आधी वाळू, मग खडी, मग गोटे टाकायचे. पाणी जाऊ द्यायचं, माती अडवायची. आणि जुना सांडवा..." त्याने मान वळवून उपवनाकडे पाहिले आणि तो गप्प झाला.

सुयाम उठून राजासमोर गेले आणि शब्द न् शब्द सांगितला, आणि उपवन खणून जुना सांडवा मोकळा करायला हवा, हेही सांगितले. उपवनाचे नाव निघताच राजाचा चेहरा काळवंडला.

"आणि हा चुकत असेल तर?"

"तर आपलं उपवन जाईल. तो बरोबर असेल आणि आपण ऐकलं नाही, तर नगर जाईल. महाराज, मी स्वतः त्या पाझरापाशी उभा राहतो. बांध सुटला, तर पहिलं पाणी माझ्या अंगावर येईल."

राजाने तलावाकडे पाहिले, मग खाली नगराच्या छपरांकडे. "खोदा, आणि माथ्यावरचे दगड उतरवा," तो म्हणाला. "आणि उपवन विनाकारण गेलं असं ठरलं, तर तुमचं डोकं जागेवर राहणार नाही."

सुयाम तिरीटकडे गेले. तिरीट हाताची घडी घालून उभा होता. "त्या भित्र्याच्या सांगण्यावरून मी खणणार नाही."

सुयामांनी त्याला समजावले नाही आणि शांत हो असेही म्हटले नाही. ते म्हणाले, "कुंडापासून खालच्या कातळापर्यंत. दुपार कलायच्या आत पाणी पलीकडे गेलं पाहिजे. वेत्रनगरात दुसऱ्या कोणाला हे जमणार नाही. मी बघायला येणार नाही."

तिरीटने क्षणभर त्यांच्याकडे रोखून पाहिले. मग कुदळ उचलली आणि आपल्या लोकांना हाक मारली.

पाटली आपल्या बायकांसह बांधाच्या टोकाशी उभी होती. बायका खालच्या वस्तीकडे पळायच्या बेतात होत्या. पाटलीने विचारले, "नायक, खरं सांगा. फुटेल का?"

"फुटू शकतो."

तिने वस्तीकडे बोट केले. "माझी म्हातारी सासू खाली आहे. यांची लेकरं खाली आहेत."

"म्हणूनच तुला खरं सांगितलं. अर्ध्या जणी जाऊन वस्ती टेकडीवर चढवा. अर्ध्या जणींनी पाझरावर वाळू आणायची. कोणी कुठे जायचं ते तूच ठरव. तू त्यांना ओळखतेस."

पाटलीने पदर खोचला. कोणाचे मूल तान्हे आहे, कोणाच्या घरी आजारी माणूस आहे, हे तिला तोंडपाठ होते. थोड्याच वेळात एक ओळ खाली धावत गेली आणि दुसरी बांधाखालच्या नदीकाठची वाळू, खडी आणि गोटे पाट्यांतून वर आणू लागली. एक जण घसरून पडली, तर मागचीने तिची पाटी उचलली. कोणी रडले नाही.

सुयाम पायथ्याशी गुडघाभर चिखलात उभे राहून वाळू पसरत होते. वर सैनिक दगड उतरवत होते, पण बरेच दगड अजून माथ्यावरच होते. पाझर मनगटाएवढा झाला होता. ते वाळू टाकत, पाणी ती ढकलून देई. ते पुन्हा टाकत.

तिकडे उपवनात तिरीटने लतामंडप आडवे केले होते. कमळे चिखलात तुडवली जात होती. तलाव आणि चर यांच्यात आता मातीची एक पातळ भिंत उरली होती. तिरीटने शेवटचा घाव घालण्यासाठी कुदळ डोक्यावर उचलली.

"थांब!"

सगळ्यांनी वळून पाहिले. चराच्या काठावर येऊन ओदात ओरडला होता. त्याचा आवाज इतका मोठा होऊ शकतो, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

तिरीटचे डोळे लाल झाले. पाणी त्या पातळ भिंतीला धडका देत होते. "थांब" हा शब्द त्याला आयुष्यात कधी सोसला नव्हता, आणि तो उच्चारणाऱ्याला त्याने सकाळीच चाबकाच्या तोंडी दिले होते. सुयाम दूर पायथ्याशी होते आणि त्यांना यातले काहीच दिसत नव्हते.

ओदात मागे सरकला नाही. पण पुढचा शब्दही त्याच्या तोंडातून निघेना.

तिरीटने कुदळ हवेतच धरून ठेवली. मग दात-ओठ खात ती खाली घेतली, ओदातजवळ गेला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "काय दिसलं तुला? सावकाश सांग." आणि लगेच म्हणाला, "पण फार सावकाश नको, बाबा."

ओदातच्या तोंडावर हसू यायचे राहून गेले. "बांधाच्या बाजूची कड नुसत्या मातीची आहे. एकदम फोडलंस, तर पाणी ती खात खात बांधापर्यंत येईल. आधी त्या कडेला दगड लाव."

तिरीटने दगड मागवले नाहीत. तो स्वतःच मंडपाच्या जोत्याचे चिरे उखडू लागला. ओदातने दुसरे टोक धरले. दोघांनी मिळून ती कड चिऱ्यांनी बांधली. मग तिरीटने ओदातकडे पाहिले. ओदातने मान हलवली, आणि कुदळ पडली.

पाणी गर्जत सांडव्यात शिरले. उपवन दिसेनासे झाले. चिरे हलले, पण सुटले नाहीत. तलावाची पातळी ओसरू लागली.

त्याच सुमारास बांधाच्या माथ्यावरचे उरलेले दगड घसरले. पायथ्याच्या बायका ओरडून पळाल्या. सुयामांनी एका बाईला दूर ढकलले. पाय चिखलात रुतल्याने त्यांना स्वतःला हलता आले नाही. एक दगड त्यांच्या डाव्या पायावर आला. पाटलीने आणि तिच्या बायकांनी तो उचलला, तेव्हा पाय चेचला गेला होता. पण सुयामांनी खाली वाकून पाझराकडे पाहिले. गोट्यांमधून येणारे पाणी नितळ झाले होते.

नगर वाचले. सुयामांचा पाय मात्र कधी सरळ झाला नाही.

पाणी उतरल्यावर राजा त्यांच्या झोपडीत आला. त्याने मंत्र्याचे आसन पुन्हा देऊ केले. सुयाम म्हणाले, "महाराज, द्यायचंच असेल तर एक वचन द्या. या बांधावर कोणी भीती बोलून दाखवली, तर त्याला शिक्षा होऊ नये." राजाने वचन दिले. मग त्याने विचारले, "तो मुका माणूस तुमच्याशी बोलला कसा?" तेव्हा सुयामांनी ही गाथा म्हटली:

*उतावळ्याला वाट द्यावी, भित्र्याला विसावा;*
*ज्याचा त्याचा दरवाजा ज्याच्या त्याच्या बाजूस,*
*भिंतीवर थाप मारून घर मुके ठरवू नये.*

पुढे बुद्ध झालेल्या बोधिसत्त्वांनी, म्हणजे शास्त्यांनी, ही कथा भिक्खूंना सांगितली ती विहाराच्या एका सभागृहाचे काम भिक्खूंच्या भांडणामुळे अडले होते तेव्हा. कथा संपवून ते म्हणाले, "भिक्खूंनो, कामावरून रागाने निघून गेलेला उग्गक हाच त्या जन्मीचा तिरीट. ज्याला संघाच्या कामातून दूर ठेवा असे तुम्ही म्हणत आहात, तो अबोल संखिल म्हणजे ओदात. तुम्हा सगळ्यांना रोज भिक्षा वाढणारी उपासिका चित्रलता ही पाटली होती. संखिलला दूर करण्याचा निर्णय देणारे हे ज्येष्ठ भिक्खू, हे स्थविर, तेव्हा राजा होते. आणि सुयाम नायक मीच होतो."

स्थविरांनी मान खाली घातली. उग्गक दाराशी उभा राहून ऐकत होता. तो आत आला आणि संखिलच्या शेजारी बसला.

शास्ते म्हणाले, "सोबत्याचा स्वभाव ओळखणे ही प्रज्ञा. ओळखल्यावरही त्याची साथ न सोडणे ही मैत्री. ज्याच्याजवळ या दोन्ही आहेत, त्याच्या हातून माणूस वाया जात नाही."