भोपळ्याच्या कळीतले सोनकण

हौशीला आई नव्हती, बाप नव्हता. होती फक्त देवळाच्या दारात गजरे विकणारी आत्या, आणि परसातला एक भोपळ्याचा वेल. पोर अर्धपोटी झोपायची, पण उठल्याबरोबर गजऱ्यांवर शिंपडतात तसं वेलाच्या पिवळ्याधमक फुलांवरही पाणी शिंपडायची. फुलं कशी मोत्यांनी मढल्यासारखी चमकायची! फळ मात्र एक धरेल तर शपथ.

"नुसता फुलोरा दाखवतोय मेला," आत्या करवादली. "आठवड्यात भोपळा दिसला नाही, तर उपटून मोगरा लावते."

हौशी वेलाला बिलगून रडू लागली. तोच एका इवल्या कळीतून केशरी पंखांची परी डोकावली.

"एक इच्छा माग, सोनुले. पण अट आहे हं! ती पुरी करायला तुझेही हात राबले पाहिजेत."

रेशमी परकर? ताटभर पेढे? हौशीने डोळे पुसले. "माझा वेल वाचू दे."

परीने फुंकर घातली आणि हौशी मुंगीहून चिमुकली झाली. दोघी कळीत शिरल्या. आत पिवळी मखमली खोली होती, तिचं नाव परागकोश. तिथे एकेका आईपेशीच्या चार-चार लेकी होत होत्या. भिंतीलगतच्या दाया त्यांना भरवता भरवता स्वतः विरघळून जात होत्या. लेकी मोठ्या झाल्या, नटल्या. आत झिरझिरीत झबलं, वर काटेरी सोनेरी अंगरखा. मोलाचा माल असाच दुहेरी बांधतात, बाळांनो! अंगरख्याला नखाएवढ्या खिडक्याही होत्या.

अशी नटलेली प्रत्येक लेक म्हणजे एक परागकण, आणि प्रत्येक कणात दोन पेशी राहत होत्या, एक थोरली, एक धाकटी. थोरली म्हणाली, "खिडकीतून मी वाट काढत जाणार, पार खालच्या बीजापर्यंत."

"आणि मी हिच्या कुशीत बसून!" धाकटी खिदळली. मग हळूच म्हणाली, "पण बाहेर रोज पूर येतो गं. उमललेल्या फुलातल्या आमच्या बहिणी पाण्याने फुगतात अन् फुटतात."

हौशीचा चेहरा उतरला. "अगं बाई! तो पूर मीच आणते."

"मायेनेच आणलास ना," परीने तिला जवळ घेतलं. "आता ती माया मुळाशी ओत, आणि ह्या पोरींना देठाशी गोटी असलेल्या फुलापर्यंत पोचव."

सकाळी पुन्हा पहिल्याएवढी झालेल्या हौशीने पाणी मुळाशी घातलं. मग एक न भिजलेलं, गोटी नसलेलं फूल खुडलं आणि ज्या फुलाच्या देठाशी इवलीशी गोटी होती, त्याच्या पोटात अलगद टेकवलं. "जा गं पोरींनो, सांभाळून!" असं ती रोज करू लागली.

आठवडा भरला. आत्या खुरपं घेऊन आली, पान बाजूला सारलं, आणि खुरपं तिथेच ठेवून मटकन खाली बसली. पानाआड मुठीएवढा हिरवागार भोपळा!

वेलावर परी लखलखली, सोन्याच्या धुळीसारखी उधळली आणि उन्हात मिसळून गेली. आत्याला ती दिसलीच नाही.

तिने हौशीला ओढून मांडीवर घेतलं. "मला वाटलं, तू नुसती खेळतेस इथे," ती म्हणाली. "आणि हे नाक कशाने पिवळं झालंय गं, भवाने?"