विझलेल्या धोंड्यांची राखण

फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा डोंगरांनाही अजून नावं पडली नव्हती. लहानांनी ती ऐकावी, आणि ज्यांच्या मांडीवर लहान आहेत त्यांनी जरा जास्तच कान देऊन ऐकावी.

उंच डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. तिथली थंडी मोठी वाईट. पहाटे घागरीतलं पाणी दगड व्हायचं. पूर्वी गावाभोवती दाट रान होतं, पण चुली पेटवता पेटवता ते रान मागं मागं सरकलं. बायका सकाळी मोळीला जायच्या त्या दिवस कलताना परतायच्या. आणलेलं लाकूडही ओलं. घरात ऊब थोडी आणि धूरच फार. म्हाताऱ्यांचे डोळे धुरानं जायचे, आणि दर हिवाळ्यात करवंदीच्या जाळीमागं दोन-चार लहान खड्डे खणले जायचे. ते कशासाठी, हे आयांना सांगायला नको.

त्या गावात एक चाल होती. राखण पिकाची असो की पाटाच्या पाण्याची, ती पाळीपाळीनं व्हायची. त्यासाठी एक लांब काठी होती. सकाळी ज्याच्या दारात काठी उभी, त्या दिवसाची राखण त्याची. दुसऱ्या सकाळी त्यानं ती शेजारच्या दारात नेऊन ठेवायची. काठीला कुणी नाही म्हणत नसे. सुगी झाली की काठी देवळाच्या आढ्याला टांगायची. म्हणजे राखण संपली.

एका हिवाळ्यात राजाचा माणूस खेचर घेऊन गावात आला. त्यानं चावडीपुढं शिशाची जड पेटी उघडली. आत मुठीएवढा काळा धोंडा होता. थंडीनं आखडलेली माणसं पुढं सरकली, तर लांबूनच तोंडाला ऊब लागली.

"हा चावडीखाली पेटीसकट पुरायचा," तो म्हणाला. "वरून पाट काढायचा. ऊन पाणी घराघरांच्या जमिनीखालून खेळेल. लाकूड नको, धूर नको. एक धोंडा, सगळं गाव, एक वर्ष."

"आणि वर्षानं?" पाटलांनी विचारलं.

"वर्षानं विझतो. राजा दुसरा देईल. पण विझलेला धोंडा गावानंच ठेवायचा. राजधानीत त्याला जागा नाही."

"ठेवू की! चटणी वाटायला होईल," कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले.

राजाचा माणूस हसला नाही. "तो दिसायलाच विझतो. आतली धग जात नाही, ती नुसती दिसेनाशी होते. जवळ गेलं तर केस गळतात, रक्त आटतं. त्यासाठी वरून झाकलेला दगडी हौद बांधा. रोज सात घागरी पाणी ओता. भेग दिसली की चिकणमातीनं लिंपा. पोर-वासरू जवळ येऊ देऊ नका. मी काही लपवत नाही. सगळं आधी सांगतोय."

पाटील न्यायाचे होते. त्यांनी धान्य मोजायचा मोठा तराजू चावडीपुढं टांगला. म्हणाले, "ज्याला जे वाटतं त्यानं ते पारड्यात घालावं. डाव्या पारड्यात आजचं दुःख, उजव्यात या धोंड्याचं. जे पारडं जड, ते दुःख गावाबाहेर."

लोकांनी डाव्या पारड्यात मोळ्या घातल्या. कुणी फुटक्या, काळ्या पडलेल्या हंड्या घातल्या. एक आंधळी आजी नातीचा हात धरून आली आणि पारड्यात आपली फुंकणी टाकून म्हणाली, "माझे डोळे या चुलीनं खाल्ले. लेकीचेही खाईल. धोंड्यानं कुणाचं काय खायचं ते खाऊ दे, बघायला मी कुठं असणार आहे!"

मग एक तरुण आई पुढं आली. तिचं घर गावाच्या वरच्या टोकाचं, अगदी शेवटचं. मागच्या हिवाळ्यात तिचा पहिला मुलगा गारठून गेला होता. आता कडेवर तीन महिन्यांची मुलगी होती. तिनं कमरेला खोचलेलं मुलाचं लहानसं टोपडं काढलं आणि डाव्या पारड्यात ठेवलं.

उजव्या पारड्यात राजाच्या माणसानं खेचरावरच्या दुसऱ्या पेटीतला एक विझलेला धोंडा पेटीसकट ठेवला. डावं पारडं जमिनीला टेकलं ते टेकलंच.

तेवढ्यात ती आई म्हणाली, "पाटीलमामा, मला धोंडा हवाय. माझ्याइतका तो कुणालाच नको असेल. पण एक विचारू का? ही राखण किती दिवसांची?"

राजाचा माणूस म्हणाला, "दहा हजार पावसाळे."

मग पाटील हसले. "सूनबाई, दहा हजार म्हणजे किती, हे तुला तरी कळलं का? माझी तर हातापायांची बोटं वीसलाच संपतात."

"मग राखणीची काठीसुद्धा उजव्या पारड्यात घाला," ती म्हणाली.

"काठीला कसलं आलंय वजन! आजवर काय कमी राखणी केल्या आपण? सुगी आली की संपतात सगळ्या."

लोक पुन्हा हसले. तीही हसली, कारण मुलगी तिच्या छातीशी काकडत होती. काठी पारड्यात गेली नाही.

आता खरं ते सांगायला हवं. धोंड्यानं गावाचं भलं केलं. त्या हिवाळ्यात करवंदीच्या जाळीमागं एकही खड्डा खणला गेला नाही. पुढच्या हिवाळ्यातही नाही. मुलं उघड्या पायांनी घरभर रांगायला लागली. बायकांच्या डोक्यावरची मोळी उतरली. रान परत आलं, हरणं पार गावाच्या कुंपणापर्यंत यायला लागली. त्या आईची मुलगी धडधाकट वाढली, आणि दर वर्षी पहिला गारवा सुटला की आई चावडीपुढं हात जोडायची.

लोकांनी गावापासून लांब म्हणून डोंगराच्या वरच्या अंगाला हौद बांधला. वर्षाला एक, असे विझलेले धोंडे त्यात जमू लागले. काठी दारोदार फिरू लागली. सात घागरी पाणी वर चढवायचं, भेगा बघायच्या, पोरांना हाकलायचं.

पहिली दहा वर्षं कुणी चुकलं नाही. मग थोडी कुरकुर सुरू झाली. "सुगी झाली तरी काठी आढ्याला का जात नाही?" असं पोरं विचारू लागली. कुणी उजाडायच्या आतच काठी शेजारच्या दारात टेकवून यायचं. कुणाच्या घरी लग्न असायचं, कुणाच्या कमरेत उसण. म्हातारे पाटील गेले, त्यांचा मुलगा पाटील झाला, आणि पाटलांच्या दारात काठी शोभत नाही म्हणून ती तिथून वगळली. मग त्यांच्या भावकीच्या दारातून वगळली. सरकत सरकत काठी वरच्या टोकाच्या शेवटच्या घरापाशी आली. तिच्यापुढं दारच नव्हतं. ती तिथंच राहिली.

"काकी, तुमचं घर हौदाच्या जवळ," नवे पाटील म्हणाले. "तुम्हाला काय, चार पावलं."

"चार पावलं चढाची आहेत, पाटील. आणि सात वेळा."

"तुम्हालाच पहिल्यापासून काळजी फार. बाकी लोक विसरतात हो. तुम्ही विसरणार नाही."

ती विसरली नाही. पंचवीस वर्षं तिनं पाणी ओतलं. केस पांढरे झाले, मुलीचं लग्न झालं, जावई घरीच राहिला, नात झाली. नातीला तिनं चालायला शिकवलं ते हौदाकडं पाठ करून.

एका पावसाळ्यात चिखलात पाय घसरून तिचं मांडीचं हाड मोडलं. मुलगी आणि जावई लावणीसाठी खालच्या शेतावरच मुक्कामाला. तिनं शेजारणीच्या हाती काठी पाटलांच्या घरी धाडली आणि निरोप दिला, "पंधरा दिवस सांभाळा. जास्त मागत नाही."

पाटलांच्या घरात त्या दिवशी कपडे वाळत नव्हते. सुनेनं काठी बघितली. चांगली लांब, सरळ. तिनं ती ओसरीवर आडवी बांधली आणि तिच्यावर लुगडी वाळत घातली. ती काही वाईट नव्हती. तिला काठी कशाची हेच कुणी सांगितलं नव्हतं.

बारा दिवस हौदात कुणी पाणी ओतलं नाही. तेराव्या दिवशी हौदाचा दगड तडकला. आत जे होतं ते पावसाच्या पाण्याबरोबर भेगेतून झिरपलं, डोंगराच्या पोटातून उतरलं आणि गावाच्या झऱ्याला लागलं. पाण्याला ना वास आला ना रंग. लोक ते प्यायले. मुलं तर त्यात खेळली.

भात पोटरीला येऊन लोंब्या फुटायच्या आत पोरांचे केस गळायला लागले. वरच्या घरातली नात सहा वर्षांची होती. आजीच्या उशाशी रोज झऱ्याचं ताजं पाणी भरून ठेवायची, आणि आधी स्वतः प्यायची. ती पहिली गेली. तिच्यामागं आणखी अकरा गेली. करवंदीच्या जाळीमागं इतके खड्डे एका वर्षात कधीच पडले नव्हते.

मग गाव उठलं. बैलगाड्या भरल्या. पाटील रडत वरच्या घरी आले. "काकी, चला. जावई उचलून गाडीत ठेवतील तुम्हाला."

"लेकीला न्या, जावयाला न्या. मी येत नाही."

"इथं राहून काय करणार?"

"सात घागरी ओतणार. दोन ओतवल्या तर दोन. खालच्या गावांनाही हाच ओढा जातो, पाटील. तिथंही पोरं आहेत."

पाटील जायला वळले. ती म्हणाली, "काठी तेवढी आणून द्या. लुगडी काढून."

गाव गेलं. जाताना चावडीखालचा पेटता धोंडा मात्र पेटीसकट बरोबर घेऊन गेलं. कारण थंडी तोंडावर आली होती, आणि लाकूड पेटवायचं कसं, हे त्यांच्यात एकालाही आठवत नव्हतं. नव्या जागी पोचल्यावर घरं बांधायच्याही आधी त्यांनी एक खोल हौद खणला.

म्हातारी फरफटत चावडीपर्यंत आली. तराजू तिथंच टांगलेला होता. तिनं डाव्या पारड्यात मुलाचं जुनं टोपडं ठेवलं. उजव्यात नातीचं परकर-पोलकं ठेवलं, आणि त्यावर ती काठी. उजवं पारडं खाली गेलं, जमिनीला टेकलं.

ते पाहायला गावात कुणी नव्हतं. तिनं काठी उचलली, तिच्यावर भार टाकला आणि घागर घ्यायला वळली.

म्हणून सुख पदरात घेताना त्याच्या राखणीचंही वजन करावं, आणि ती राखण शेवटी कुणाच्या दारात जाऊन थांबणार, ते आधी बघावं.