सांध्यावरचा दोरा

"मग आधीचं शिकलेलं कुठं ठेवलंस?"

रामलिंगबुवांनी हे मान वर न करताच विचारलं. मांडीवर पळसाची पानं होती आणि बोटं द्रोण टोचण्यात गुंतली होती.

प्रल्हाद वायदंडेला हाच प्रश्न हवा होता. तासगाव ते मिरज एसटीत बसून त्यानं याचंच उत्तर घोटलं होतं, तेही शहरी भाषेत.

"सगळं टाकून आलोय, बुवा. कोरी पाटी होऊन आलोय. एकटाच आलोय, मागचं काहीही बरोबर आणलं नाही."

"टाकून..." बुवांनी पानाला काडी टोचली. "अवघड असतं म्हणतात."

"त्याची तयारी केली मी."

आणि तयारी त्यानं खरोखरच केली होती, त्याला नावं ठेवायला जागा नाही. बुवा ओढ्याकाठच्या महादेवाचे गुरव. सकाळ-संध्याकाळ देवापुढं क्लॅरिनेट वाजवायचे आणि ते ऐकायला लांबलांबची जाणती माणसं पायरीवर येऊन बसायची. शिष्य मात्र मोजकेच. ज्याला घ्यायचं त्याला यायचा वार सांगत. ज्याला घ्यायचं नाही त्याच्या हातावर प्रसादाचा द्रोण ठेवत आणि म्हणत, "सांभाळून जा." दुसऱ्यांदा कुणाला उभं करत नसत.

'मोठ्या माणसाकडं जाताना भांडं रिकामं पाहिजे,' असं प्रल्हादला कुणीतरी सांगितलं. झालं! पठ्ठ्यानं दिवाळीपासून क्लॅरिनेटला हात लावला नाही, म्हणजे बोटांना जुनं विसरायला सवड मिळेल. लग्नसराईच्या तोंडावर बँड सोडला. वरात दिसली की हा कानात बोटं घालून गल्ली बदलायचा.

ज्या गणूमास्तरांनी त्याला पहिली फुंक शिकवली, त्यांचा निरोपही त्यानं घेतला नाही. निरोप घ्यायला गेलं की आशीर्वाद मिळणार, आणि आशीर्वाद म्हणजे पुन्हा भांड्यात भर! असा सगळा चोख हिशोब.

बँडमध्ये त्याच्या जागी आता दुसरा उभा होता. इथून द्रोण घेऊन परतायचं म्हणजे ना घर का ना घाट का. पण भीती तेवढीच नव्हती. एका शिवरात्रीला त्यानं बुवांचं वाजवणं ऐकलं होतं, आणि तेव्हापासून त्याला दुसरं काही गोड लागत नव्हतं.

"आधी कुणाकडं होतास?" बुवांनी विचारलं.

"होते एक मास्तर. बँडवाले. वरातीपुरतं शिकवलं त्यांनी."

"नाव?"

"नावाचं काय एवढं, बुवा... ते तर सोडलंच मी."

बुवांनी तयार द्रोण बाजूला ठेवला, हात धोतराला पुसले.

"पेटी उघड."

प्रल्हादनं पेटी उघडली. बुवांनी आतल्या क्लॅरिनेटचा वरचा तुकडा उचलून डोळ्यांजवळ नेला. दोन तुकडे जिथं एकमेकांत बसतात, तिथला बुचाचा पट्टा केव्हाच झिजून गेला होता. त्या जागी दोरा गुंडाळलेला होता. मेणानं पिवळा पडलेला, वेढ्याला वेढा लागून, कुठं गाठ नाही की फट नाही.

"हे कुणी बांधलं?"

"ते... जुनं आहे. राहून गेलं."

"राहून गेलं होय? मग काढू या."

बुवांनी नखानं दोऱ्याचं टोक शोधलं आणि ओढलं. दोरा सुटू लागला. संपता संपेना इतका निघाला. त्याचा पिवळा गुंता बुवांनी द्रोणात ठेवला आणि क्लॅरिनेट प्रल्हादच्या हाती दिली.

"आता कोरी झाली. वाजव."

प्रल्हादनं तुकडे जोडले. वाद्य ओठांशी नेलं तर खालचा अर्धा भाग निसटून मांडीवर पडला. पुन्हा बसवला, पुन्हा पडला. शेवटी तो गुडघ्यांत दाबून धरला आणि फुंकर मारली... फुस्स! गळक्या पंपासारखी सगळी हवा सांध्यातून निघून गेली.

एवढी घोटलेली उत्तरं, आता एकही उपयोगाचं नव्हतं.

बुवांनी नवीन पान घेतलं होतं. जणू समोर कुणी नाहीच.

प्रल्हादनं सुटे तुकडे मांडीवर ठेवले.

"बुवा, तो दोरा घेऊ?"

"कुणाचा आहे?"

प्रल्हादनं द्रोणाकडं पाहिलं.

"माझ्या मास्तरांचा."

"मग मला काय विचारतोस?"

प्रल्हादनं दोरा सोडवला. एक टोक दातांत धरलं, दुसरं अंगठ्याखाली दाबलं आणि वाद्याचा तुकडा हळूहळू फिरवू लागला. दिवाळीपासून उपाशी ठेवलेली बोटं. पण त्यांनी मालकाला काही विचारलं नाही. वेढ्याला वेढा लागत गेला.

बुवांचे हात थांबले होते.

"दोरा तसाच ठेवून लाकूड फिरवतोस?"

"व्हय." दातांत दोरा असल्यानं शब्द बोबडे येत होते, आणि शहरी भाषा केव्हाच गळून पडली होती. "मास्तर म्हनायचे, दोरा फिरवू नगंस, लाकूड फिरीव. दोरा फिरवला की पीळ पडतोय, आन पीळ पडला की हवा वाट काढती."

"असं म्हणायचे?"

"अजून म्हनत्यात. हाईत की तासगावात." तो थांबला. "लग्नात समदी पंगतीला बसायची, तवा मास्तर मांडवाच्या भाईर ढोलावर बसून माझा दोरा बांधायचे. सांधा घट झाला की मगच जेवायचे. कदी कदी तवर पंगत उठल्याली असायची."

आता मात्र त्याला दोरा नीट दिसेना. त्यानं बाहीनं डोळे पुसले आणि राहिलेलं टोक वेढ्यांखाली सारलं.

"गणपती आवळे," तो म्हणाला. "गणूमास्तर म्हनत्यात त्यास्नी."

सांधा बसला. प्रल्हादनं वाद्याच्या टोकाची पत्ती तोंडात ओली केली आणि वाजवलं. राग नाही, चीज नाही. मास्तरांनी पहिल्या दिवशी दिलेला तो एक सूर, तेवढाच. इतके महिने गप्प राहिलेला सूर आधी थोडा घोगरा निघाला, मग सरळ झाला आणि गाभाऱ्यापर्यंत गेला. प्रल्हादला फार बरं वाटलं. घ्यायचं की नाही ते बुवांनी ठरवावं, पण सूर जागेवर होता.

दम संपेपर्यंत बुवा ऐकत राहिले. मग ते उठून गाभाऱ्यात गेले.

परत आले ते हातात खोबऱ्या-साखरेनं भरलेला द्रोण घेऊन. तो त्यांनी प्रल्हादच्या हातावर ठेवला.

प्रल्हाद समजला. त्यानं मान खाली घातली, द्रोण कपाळाला लावला आणि पेटी आवरायला वाकला. मास्तरांच्या दारात काय तोंड घेऊन उभं राहायचं, एवढाच विचार त्याच्या मनात होता. पण उभं राहायचं, हे ठरलं होतं.

"थांब."

बुवांनी दुसरा द्रोण भरला आणि पहिल्याशेजारी ठेवला.

"बुवा, ह्यो कुनाला?"

बुवा पुन्हा पानांपाशी बसले. एक पान निवडलं, पुसलं, काडी टोचली.

"तासगावात नेऊन दे. सोमवारी सकाळी ये," ते म्हणाले. "आणि असा एकटा येऊ नकोस."