टेकडीची माती परत दे!

टेकडीच्या पायथ्याशी, कुडाच्या छोट्याशा झोपडीत बुधी राहायची. तिच्या घरी कधी भाकरी असायची, कधी नुसती पेज. तरी ती हसतमुख असायची. त्या दिवशी मात्र तिला भयंकर राग आला होता.

वीटभट्टीचे मालक गुलाबशेठ पाड्यावर येऊन ओरडले होते, "तुमच्या शेतीनं टेकडी उजाड केली! मी लावलेली रोपं मेली. उद्यापासून टेकडीवर पाऊल टाकायचं नाही!"

खोटं! साफ खोटं! बुधीचे आईबाबा टेकडीच्या एका तुकड्यावर दोन-तीन वर्षं नाचणी पिकवत आणि मग ते रान दहा-बारा वर्षं मोकळं सोडत. मोठ्या झाडांना हात लावत नसत, पडलेला पाला उचलत नसत. पाला कुजायचा, माती काळी मऊमऊ व्हायची आणि ऐन, पळस, आवळ्याची इवली इवली झाडं पुन्हा उगवायची. शेठनी मात्र टेकडीची पलीकडची बाजू खरवडून सगळी माती विटांसाठी नेली होती. नुसत्या कातळावर झाड जगणार कसं?

बुधी तडक त्या कातळावर गेली. शेठनी तिथं लावलेल्या एका रोपानं मान टाकली होती. तिनं आपलं प्यायचं पाणी सगळं त्याला घातलं.

आणि काय! रोपाखालून एक चिमुकली परी वर आली. तांबूस झगा, पानाच्या जाळीचे नाजूक पंख, त्यांवर सोनेरी-जांभळे ठिपके लुकलुकत होते.

"मी मातीपरी. एक इच्छा माग, बाळा. पण नियम ऐक. वाढलेलं झाड मागायचं नाही. आणि मागायचं ते सगळ्यांसमोर, खरं बोलून."

"मला खूप राग आलाय. रागात मागितलं तर चालेल?"

"चालेल की. मलाही आलाय," परी म्हणाली.

बुधीच्या मनात नवा झगा आला, भाताचं भरलेलं मडकं आलं. पण ती परीला खांद्यावर बसवून, पाड्यावरच्या सगळ्यांना घेऊन भट्टीवर गेली.

"शेठ, झाडं आम्ही नाही मारली. तुम्ही त्यांची माती नेलीत! परी, टेकडीची माती टेकडीला परत दे!"

शेठ हसले. तेवढ्यात वाळत घातलेल्या कच्च्या विटा थरथरल्या, विरघळल्या, आणि लालचुटूक मातीचा ओहोळ चमचमत टेकडी चढू लागला! भाजलेल्या विटा मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"भाजलेली माती मलाही परत आणता येत नाही," परी हळूच म्हणाली. अर्धा उतार कातळच राहिला.

"आता सांगा शेठ, टेकडी कुणी उजाड केली?" बुधीच्या बाबांनी विचारलं.

शेठची मान खाली गेली. "मीच. टेकडी तुमचीच आहे. उरलेल्या कातळावर माझ्या बागेतला पाला मी स्वतः टाकीन."

"आणि बुधी, तू स्वतःसाठी काहीच मागितलं नाहीस," परी म्हणाली. "म्हणून तुमच्या घरातली नाचणीची कणगी कधी रिकामी होणार नाही." ती गिरकी घेत उंच गेली, लख्ख सोनेरी उजेड झाली आणि नव्या मातीवर विखरून दिसेनाशी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ घामाघूम होऊन पाल्याची पाटी घेऊन वर आले. बुधी कमरेवर हात ठेवून उभी होती.

"अजून आणा, शेठ! अजून पुष्कळ कातळ उरलाय!"