वाढणाऱ्याची नजर

"मग चूक कोणाची, तेवढं तरी सांगा!"

शैलजाबाईंनी हे तिसऱ्यांदा विचारलं. समोर बसलेली आक्का संध्याकाळच्या भाजीसाठी अंबाडी खुडत होती. पानं टोपलीत, देठ जमिनीवर. तिने मान वर केली नाही.

"माझं चुकत असेल तर तसं म्हणा. ऐकून घेईन मी."

"नाही घ्यायचीस," आक्का म्हणाली.

शैलजाबाईंना असं तोंडावर बोललेलं ऐकायची सवय नव्हती.

टेकडीवरच्या त्या मठात महंत होते, गादी होती, पोथ्यांची दोन कपाटं होती. पण खाण्यापिण्याचं गाऱ्हाणं घेऊन कोणी आलं की महंत सरळ हात जोडायचे आणि मुदपाकखान्याकडे बोट दाखवायचे. तिथे आक्का होती. पंच्याहत्तरीची, काटकुळी, पन्नास वर्षं चुलीपुढे बसलेली. लोक तिला गुरू मानत. ती मात्र कोणाला शिष्य मानत नसे, कारण तिला तेवढा वेळ नसे.

शैलजाबाई घोरबांड म्हणजे अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका. तीस गावांतल्या लेकरांची वजनं त्यांच्या देखरेखीखाली व्हायची. तक्त्यावर एखादं लेकरू हिरव्या पट्ट्यातून पिवळ्यात घसरलं की त्या आईला समज द्यायच्या. समज कसली, फैलावरच घ्यायच्या. बायका त्यांना 'काटेवाल्या बाई' म्हणत आणि त्यांची गाडी दिसली की लेकरांची नाकं पुसायला धावत.

आणि आता त्यांचीच लेक पिवळ्यात आली होती. साडेपाच वर्षांची गिरिजा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

करायचं काही बाकी राहिलं नव्हतं. मोड आलेले मूग झाले, नाचणीची खीर झाली, पालक घातलेली भाकरी झाली. घरातून साखर गेली, बिस्किटं गेली, शेजारणीने प्रेमाने दिलेला चिवडा डब्यासकट परत गेला. रक्त तपासलं, पोटाची सोनोग्राफी केली. डॉक्टर म्हणाले, काही नाही. काही नाही म्हणजे काय? पोरीच्या फासळ्या कपड्यावरून मोजता येत होत्या. पण वाटी दिसली की गिरू ओठ असे आवळायची की चमच्याचं टोक आत जाणार नाही. तीन महिने घरात दोन्ही वेळा लढाई व्हायची आणि दोन्ही वेळा शैलजाबाई हरायच्या.

खरं सांगायचं तर त्या घाबरल्या होत्या. पण घाबरल्याचं दाखवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, म्हणून त्या भांडत होत्या.

गिरू दाराच्या खांबाला टेकून बसली होती. सकाळपासून तिने एक शब्द काढला नव्हता.

"लेकरू जेवत नाही," आक्काने विचारलं, "का तुझ्यासमोर जेवत नाही?"

"माझ्यासमोर नाही तर कोणासमोर जेवणार? मीच भरवते तिला."

"एवढ्या मोठ्या लेकराला?"

"नाही भरवलं तर खाणारच नाही ती."

"भूक लागल्यावर खाईल की माय."

शैलजाबाई ताडकन उठल्या.

"हेच! अगदी हेच वाक्य! दोन वर्षांपूर्वी एका वस्तीवर एक आई मला हेच म्हणाली होती. 'भूक लागल्यावर खाईल की, बाई.' मला पुढच्या गावाला जायचं होतं. मी हो म्हटलं आणि गाडीत बसले. पुढच्या महिन्यात वजनं करायला गेले तर..."

पुढचं त्यांनी जोर लावून बोलून टाकलं.

"तर वजन करायला लेकरूच नव्हतं. तेव्हापासून हे वाक्य मी माझ्यासमोर कोणाला बोलू देत नाही. तुम्हालाही नाही. तुम्ही कोणी का असेना!"

आक्काचा हात थांबला.

"चुकले," ती म्हणाली. "वाईट बोलले मी."

शैलजाबाईंची पुढच्या वादाची तयारी होती. ती तशीच राहिली.

"त्या घरात दाणा होता?" आक्काने हळूच विचारलं.

"नव्हता."

"आन तुझ्या घरात?"

"आहे. भरपूर आहे."

"मग ते दुखणं निराळं, हे निराळं."

"मरण एकच असतं, आक्का."

आक्काने हातातला देठ जमिनीवर टाकला. टोपली बाजूला सारली आणि गुडघ्यांवर हात रेटून ती उठली.

"चल. पंगत बसायची वेळ झाली. आज तू वाढ."

"मी विचारायला आले आहे, वाढायला नाही."

"इथं विचारायला आलेला आधी वाढतो. महंतांनीही वाढलंय. एकच रीत आहे. वाढणाऱ्यानं पानाकडं बघायचं. पानाच्या वर बघायचं नाही."

"का?"

"वर बघितलं की माणूस कळतं. कोणत्या आळीचं, कोणत्या जातीचं, आपलं का परकं. कळलं की हात बदलतो. आमच्या गुरुबाबांनी ही रीत पाडली तेव्हा गावानं सात वर्षं मठाला पाणी बंद केलं होतं. बाबांनी सात वर्षं ओढ्यावरून घागरी वाहिल्या... पण डोळे वर केले नाहीत."

"मी जातपात मानत नाही," शैलजाबाई ताठ मानेने म्हणाल्या.

"बरं झालं. मग तुला अवघड जायचं नाही."

पळसाच्या पत्रावळी मांडल्या होत्या. भाकरी, वरण, भाजी वाढून झाली होती. शैलजाबाईंच्या हातात मलिद्याची परात आली. कुस्करलेल्या पोळीत गूळ आणि तूप. एवढा गूळ आणि एवढं तूप पाहूनच त्यांचं डोकं फिरलं, पण त्या वाढायला निघाल्या.

पहिलं पान. मूठभर मलिदा. नजर खाली. दुसरं पान, तसंच. हे काही कठीण नाही, असं त्यांना वाटलं.

तिसऱ्या पानाशी गुबगुबीत बोटं दिसली आणि नजर आपोआप वर गेली. पोट सुटलेला एक गृहस्थ धापा टाकत बसला होता. याला नक्की साखरेचा आजार असणार, शैलजाबाईंनी मनाशी निदान केलं आणि निम्माच मलिदा टाकला. पुढे एक हडकुळी मुलगी होती, तिला दोन मुठी. तिच्या शेजारच्या म्हातारबाबांना त्या वाकून म्हणाल्या, "आजोबा, मीठ बाजूला सारा बरं."

"ओ बाई," मागून हाक आली. निम्मा मलिदा मिळालेला तो गृहस्थ. "मी हमाल आहे. सकाळधरनं साठ पोती वाहिलीत. अजून वाढा की!"

शेजारचे दोघे हसले. शैलजाबाईंचे कान लाल झाले. त्यांनी मागे येऊन मलिदा वाढला; पण हरतील तर त्या शैलजाबाई कसल्या! "पाणी भरपूर पीत जा," असं बजावूनच त्या पुढे गेल्या.

गिरू पंगतीच्या शेवटच्या पानावर बसली होती.

तिचा हात भाकरीकडे निघाला होता. तो शैलजाबाईंना लांबूनच दिसला आणि त्यांचं काळीज सुपाएवढं झालं. त्या भरभर चालत आल्या. वाकल्या. आता घास तोंडात जातो का, ते त्यांना बघायचं होतं.

गिरूने आईकडे पाहिलं. हात मागे घेतला. ओठ आवळले.

"एक घास, गिरू. एकच. आईसाठी..."

कोणीतरी हातातली परात काढून घेतली. आक्का होती ती.

"बस इथं."

तिने समोर एक पान मांडलं. असं, की गिरू बरोबर पाठीमागे यावी.

"इथून ती मला दिसणार नाही."

"व्हय."

"आक्का, तिने निदान एक घास घेतलेला पाहू द्या. मग बसते."

"बस म्हणते ना."

शैलजाबाई बसल्या. पहाटेच्या एसटीने निघाल्या होत्या, पोटात चहाखेरीज काही नव्हतं. आक्काने पान वाढलं. मग ती त्यांच्या पुढ्यात उकिडवी बसली, हनुवटी तळहातावर टेकवली आणि त्यांच्या तोंडाकडे बघू लागली.

शैलजाबाईंनी घास घेतला.

"चाव."

त्यांनी चावला.

"नीट चाव. ...गिळलास? आ कर बघू."

"आक्का!"

"भाजी घेतली नाहीस. घे. ...हा घास लहान होता. मोठा घे. ...पाणी नको आताच, पोट भरतं पाण्यानं."

तिसरा घास तोंडात फिरत राहिला. भाकरी ताजी होती, वरण फर्मास होतं, भूक तर कडाडून लागली होती. पण तो गिळला जाईना. आक्काची नजर हलेना. ओठांवरून गालावर, गालावरून गळ्यावर आणि पुन्हा ओठांवर.

"असं काय टक लावून बघता!" शैलजाबाई ओरडल्या. "घास उतरत नाही माझा!"

पंगतीतले हात थांबले.

"काळजीपोटी बघते," आक्का शांतपणे म्हणाली. "वाळलीस किती."

"नको मला तुमची काळजी!"

...

शब्द निघून गेले. शैलजाबाई हातातल्या घासाकडे बघत राहिल्या.

पाठीमागे पंगत पुन्हा सुरू झाली. भुरके, पाण्याचे पेले, कोणाचं तरी हसणं. त्यात गिरूचा आवाज कुठे आहे का, म्हणून त्या कान देऊन ऐकू लागल्या. काही कळेना. मान वळवावीशी वाटत होती, इतकी की खांदे दुखायला लागले.

"एकदा न बघता सोडलंय मी," त्या पुटपुटल्या. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्याचाही त्यांना राग आला होता. "एकदा सोडलंय, आक्का. पुन्हा नाही सोडणार. तुम्ही काहीही म्हणा."

"नको सोडू. पान भरलेलं आहे का ते बघ. रोज बघ. कोणाच्या बापाचं ऐकू नको."

"आणि तिने खाल्लं नाही तर?"

आक्काने पानातली भाकरी त्यांच्यापुढे सरकवली.

पंगत उठली. मठात ज्याने त्याने आपली पत्रावळ आतल्या बाजूला दुमडायची आणि मागच्या खड्ड्यात नेऊन टाकायची असते. एकेक जण समोरून गेला. हमाल गेला, म्हातारबाबा गेले. शेवटी गिरू आली. दोन्ही हातांत दुमडलेलं पान, जपून पावलं टाकत.

शैलजाबाई कधी उठल्या ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. हात पुढे झाला होता.

"बघू, गिरू. किती टाकलंस?"

गिरूने पान छातीशी घट्ट धरलं.

"आण इकडे. फक्त बघते."

"नाही."

दिवसभरातला तिचा पहिला शब्द. लहानसा होता, पण चांगला खणखणीत होता.

"गिरिजा!"

"नाही! माझं पान आहे!"

मायलेकी एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. दोघींचीही हनुवटी सारखीच वर आली होती. गिरूच्या ओठांच्या कडेला काहीतरी चिकटलं होतं. मलिदा होता की नुसती धूळ, ते उभ्या जागेवरून ओळखू येत नव्हतं. पान ओढून घेणं काही अवघड नव्हतं. साडेपाच वर्षांच्या, फासळ्या दिसणाऱ्या पोरीच्या बोटांत जोर असा किती असणार?

शैलजाबाईंचा हात बराच वेळ पुढे राहिला.

मग तो खाली आला.

गिरू धावली. मागच्या दारातून बाहेर गेली, खड्ड्याच्या काठावर उभी राहिली आणि दोन्ही हातांनी पान लांब भिरकावून दिलं. इतर पत्रावळींत ते मिसळून गेलं. आता त्यात काय होतं, ते कोणालाच कळणार नव्हतं.

शैलजाबाई आक्काकडे वळल्या.

"जेवली का हो ती?" त्यांच्या आवाजातला ताठा आता पुरता गेला होता. "तुमचं तोंड तर तिकडेच होतं. तुम्हाला दिसत होतं सगळं. सांगा ना... जेवली?"

"मी कुठं तिच्याकडं बघत होते?" आक्का म्हणाली. "तुझं पान तसंच पडलंय, माय. बस, जेवून घे. मी पाठ फिरवते."