वाट उघडी होती

“मग चूक कुणाची म्हणायची, बुवा? माझी?”

निशिकांत सरपोतदार चपला काढायच्या आधीच बोलायला लागला. शहरात श्रीमंतांच्या घरी दिवे, पंखे, एसी फोनवरून चालतील अशी जोडणी करून देतो. नऊ वर्षं धोंडगीरबुवांच्या मठात येतोय, स्वतःला त्यांचा शिष्य म्हणवतो. खरं तर बुवांनी ‘बरोबर आहे तुझं’ म्हणावं म्हणून येतो, असं आपलं माझं, मठातल्या वाढप्याचं, मत.

बुवा सुपात शेंगा घेऊन सोलत बसले होते. “झालं काय?”

“एका बंगल्यात आजोबा आहेत. अर्धांगवायूने पडून. त्यांना सांभाळायला बाई होती, शेवंताबाई. परवा घरचे सगळे लग्नाला गेले. एसीला रिमोट नाही, सगळं फोनवरूनच. तो सोळावर राहिला आणि हिला बंद करता आला नाही. आजोबा दिवसभर गारठले. आता न्यूमोनिया झालाय, दवाखान्यात आहेत. मालकांनी बाईला काढून टाकलं. आणि ती आता दारोदार सांगत फिरते, की एसी तिच्या फोनवर दिसतच नव्हता!”

“दिसत होता का?”

“...नव्हता.”

बुवांचा हात थांबला.

“पण त्याला कारण आहे,” निशिकांत तावातावाने म्हणाला. “घरात मी दोन नेटवर्क केलीत. एक मालकांचं आणि उपकरणांचं, दुसरं नोकरांचं. सुरक्षेसाठी करावंच लागतं. प्रत्येक उपकरण सारखी हाक देत असतं, मी इथे आहे म्हणून. फोनला ती ऐकू आली, की उपकरण फोनवर दिसतं. पण ही हाक आपलं नेटवर्क ओलांडत नाही. मधे कुणीतरी ती ऐकून पलीकडे पुन्हा द्यावी लागते. ती सोय मी केली नव्हती, मला कुणी सांगितलीही नव्हती. पण वाट उघडी होती, बुवा! तिच्या फोनवरून एसीपर्यंत जायची परवानगी मी स्वतः देऊन ठेवली होती. एसीच्या पत्त्याचे आकडे टाकले असते, तर पोचली असती.”

“आकडे तिला दिले होतेस?”

“तिने विचारले नाहीत.”

मला राहवलं नाही. “मग मेन स्विचच पाडायचा की!”

“त्याच्यावर आजोबांचं ऑक्सिजनचं मशीन होतं.”

“मग तिने केलं काय?” बुवांनी विचारलं.

“घातल्या दोन गोधड्या. वर स्वतःची शाल. मालकांना सतरा फोन केले. त्यांना बँडच्या आवाजात ऐकू गेले नाहीत.”

“मालकाने तुला विचारलं असेल...”

“विचारलं ना. मी त्यांच्याच फोनवरून एसी चालू करून, बंद करून दाखवला. म्हटलं, यंत्रणा ठणठणीत आहे. खोटं एक अक्षर बोललो नाही.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बुवा मात्र शांतपणे म्हणाले, “दमून आलायस. पलीकडे खोलीत जाऊन पड जरा.”

आमचं स्वयंपाकघर ओढ्याच्या अलीकडे, पाहुण्यांची खोली पलीकडे. जेवणाची घंटा पाण्याच्या आवाजात तिकडे पोचत नाही. म्हणून चौदा वर्षं मी ओढ्यावरच्या साकवावर उभा राहून ओरडतो, “चला, पानं वाढली!” घसा बसला असेल तर थाळी बडवतो. माझ्या काळात इथे एकही पाहुणा उपाशी राहिलेला नाही.

घंटा झाली. मी साकवाकडे निघालो, तर बुवांनी माझा पंचा धरला.

“तात्या... आज नको.”

मी गुमान पंगतीला बसलो. उगाच खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला.

पंगत उठली. भांडी घासून पालथी पडली. तीनच्या सुमाराला निशिकांत साकवावरून तरातरा आला.

“हे काय, बुवा? सगळे जेवून मोकळे? मला कुणी बोलावलंसुद्धा नाही!”

“तुला अडवलं कुणी?”

“अडवायचा प्रश्नच नाही!”

“साकव मोडलाय?”

“नाही.”

“स्वयंपाकघराला कुलूप होतं?”

“नव्हतं! पण इकडे पानं वाढलीत, हे मला तिकडे कळणार कसं?”

“तू विचारलं नाहीस.”

निशिकांत उसळून काहीतरी बोलायला गेला...

आणि होता तिथेच खाली बसला. चेहरा साफ उतरला होता.

“बुवा... आजच जातो. हाक पलीकडे देण्याची सोय राउटरमध्येच असते. दहा मिनिटांचं काम आहे. फक्त एसीची हाक तिकडे जाईल, बाकीचं सगळं बंदच राहील. आता जी नवी बाई येईल, तिला...”

“नवी बाई?”

बुवा ओरडले. सूप लवंडलं, शेंगा सगळीकडे झाल्या. इतक्या वर्षांत मी त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता.

निशिकांतने मान खाली घातली. “शेवंताबाईंचं मालकांनी ठरवून टाकलंय. आता मी काय बोलणार? त्यांच्या भावाचा बंगलाही मलाच करायचाय, बुवा...”

मला त्याची दया आली. कितीही झालं तरी उपाशी माणूस. झाकून ठेवलेलं ताट मी त्याच्यापुढे आणून ठेवलं.

बुवांनी ते हाताने बाजूला सारलं.

“आधी मालकाला फोन लाव. इथेच... मी ऐकतोय.”