देसायांच्या गादीतल्या पिसवा

भुजंगराव देसायांच्या चित्र्या कुत्र्याला पिसवा झाल्या. त्यांच्या पत्नी चंद्राक्का त्याला कडुलिंबाच्या पाण्याने न्हाऊ घालत, तरी पिसवा पुन्हा हजर! अंग खाजवून बेजार झालेल्या देसायांनी भरल्या बैठकीत हुकूम सोडला, “कुत्रं रानात सोडून या!”

चंद्राक्का पुढे आल्या. “त्याचा काय दोष? पिसवांची अंडी तुमच्या गादीत आहेत. ती उन्हात टाका.”

“देसायांची गादी अंगणात? अन् असल्या क्षुद्र किड्यांचं आमच्या गादीवर काय काम?”

“पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय तेच,” चंद्राक्का म्हणाल्या. “गादीवर बसायचं आणि गरिबांचं रक्त प्यायचं!”

जमलेल्या रयतेला हसू आवरेना. देसाई तणतणत निघून गेले. गादी रिकामी झालेली पाहताच चंद्राक्कांनी ती उन्हात टाकवली.